कॅम, पंप आणि तेलाची वाट

१९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेट ३५० चं कास्ट आयर्न इंजिन नव्या गाड्यांमधून जाऊन आता बराच काळ झाला. पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे अशा बुलेट अजून रोज रस्त्यावर असतात आणि त्यांचं टायमिंग कव्हर उघडायची वेळ आजही येते. ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक. उजव्या बाजूला कव्हरच्या आत दोन स्वतंत्र कॅम आणि त्या कव्हरमध्येच बसवलेले दोन ऑइल पंप. माझं सगळं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. या एका कव्हरमागच्या कामानं जे शिकवलं, ते इथे मांडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कॅम घालणं आणि पंप बसवणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे.

१. हत्यार उचलण्याआधी तेलाची वाट पाठ करा.
या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही, ती केसिंगमध्येच मागच्या बाजूला आहे. फीड पंप तिथून तेल ओढतो आणि फेल्टच्या फिल्टरमधून बिगएंडला देतो. बिगएंडमधून सुटलेलं तेल तळाशी जमतं. ते रिटर्न पंप उचलतो आणि बाहेरच्या बारीक पाइपातून वर रॉकरकडे चढवतो. रॉकर भिजवून तेच तेल पुशरॉडच्या बोगद्यांतून खाली उतरतं, कॅमच्या कप्प्यात साठतं आणि भरून वाहिलं की पुन्हा टाकीत जातं. म्हणजे या सगळ्या वाटेत कॅमचा नंबर जवळजवळ शेवटचा. दोन्हींपैकी एक पंप जरी आळसावला, तरी कॅमपर्यंत पोचणारं तेल कमी होतं. म्हणून कॅम खाल्लेली गाडी आली की मी आधी पंप तपासतो.

२. नव्या कॅमखाली जुने टॅपेट ठेवू नका.
"मिस्त्री, टॅपेट बरे दिसतात की, राहू द्या तेच," असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि त्याचं खर्चाचं गणित मला कळतं. अशा वेळी मी वाद घालत नाही. टॅपेटचा तळ पुसून स्वच्छ करतो, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरतो आणि उजेडाकडे वळवून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. कडेला पट्टी टेकलेली असते आणि मधून उजेडाची बारीक रेघ दिसते. तळ खोलगट झाल्याची ती खूण. असा तळ नव्या कॅमच्या टोकावर घासू लागला की नवा कॅमही थोड्याच दिवसांत जातो. कॅम आणि टॅपेट जोडीनं झिजतात, म्हणून बदलायचे तेही जोडीनंच.

३. उलट्या आट्यांचा मान ठेवा.
क्रँकच्या टोकावरचा वर्म दोन कामं करतो. टायमिंग पिनियनला जागेवर धरतो आणि पंपाचा दांडा फिरवतो. त्याचे आटे उलटे आहेत, नेहमीच्या नटाच्या विरुद्ध दिशेला सुटतात. हलत नाही म्हणून पाइप लावून जोर करणारा बहुतेक वेळा तो आणखी घट्टच करत असतो. नव्या पोराला गॅरेजमध्ये घेतलं की हा वर्म मी त्याच्याकडून हातानं चढवून आणि उतरवून घेतो. एकदा बोटांना दिशा कळली की ती कायमची लक्षात राहते. त्याच वेळी वर्मचे दातही नखानं चाचपून बघा. धार आली असेल, तर तो पंपाच्या दांड्यालाही खाणार.

४. खुणा जुळवा, पण शेवटचा कौल व्हॉल्व्हचा घ्या.
पिनियनवरचा ठिपका कॅमच्या गिअरवरच्या ठिपक्यासमोर आणि दोन्ही कॅमचे ठिपके एकमेकांसमोर आले पाहिजेत. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवल्यावर खुणा पुन्हा जुळायला हव्यात. पण बाजारातल्या काही कॅमवर ठिपका चुकीच्या दाताजवळ ठोकलेला मी पाहिला आहे. म्हणून खुणा जुळल्यावर मी रॉकरकडे बघत इंजिन हळू फिरवतो. पिस्टन एका वेळी टॉपला येतो तेव्हा एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडू लागलेला असतो. पुढच्या टॉपला दोन्ही पूर्ण मिटलेले असतात. हे दिसलं तरच टायमिंग बरोबर. ठिपका माणसानं ठोकलेला असतो, व्हॉल्व्ह मात्र कॅम सांगेल तसाच हलतो.

५. पंपाची डिस्क काचेवर घासून बघा.
या पंपात प्लंजर पुढे-मागे होतो आणि त्याच्यासोबत डोलणारी डिस्क तेलाची भोकं उघडते आणि मिटते. स्प्रिंग तिला बैठकीवर दाबून धरते. सगळी किमया त्या दोन सपाट पृष्ठांत आहे. जाड सपाट काचेवर बारीक पेस्टचा थेंब टाकून डिस्क इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवली की उंच भाग राखाडी होतो आणि खोलगट भाग चमकत राहतो. सगळी डिस्क एकसारखी राखाडी होईपर्यंत घाई करायची नाही. मग तीच डिस्क तिच्या स्वतःच्या बैठकीवर हलकी फिरवायची आणि पेस्टचा कणही उरणार नाही इतकी धुवायची. जोडल्यावर भोकांत तेल भरून दांडा हातानं फिरवा आणि बाहेर जाणाऱ्या भोकावर अंगठा ठेवा. अंगठ्याला धक्का जाणवला पाहिजे. काही दिवस उभी राहिलेली बुलेट सुरू करताना पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट सोडते, त्यामागे अनेकदा ही फीड पंपाची डिस्कच असते. ती नीट बसत नसली की टाकीतलं तेल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरतं.

६. कॉर्कचा तुकडा लहान म्हणून विसरू नका.
कव्हरमधून फिरत्या क्रँकमध्ये तेल शिरतं, त्या जागी कॉर्कचं छोटं सील आहे. ते कडक झालं किंवा चुरलं, तर पंप कितीही चांगला असो, तेल बिगएंडला जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर सुटतं. कव्हर उघडलं की हे सील नवं घालायचं, जुनं चांगलं दिसत असलं तरी. बिगएंड गेला तर सगळं इंजिन उतरवावं लागतं.

७. कव्हर हातानं बसलं पाहिजे.
पंपाचा दांडा आणि वर्म यांचे दात एकमेकांत गेले नसतील, तर कव्हर थोडं बाहेर राहतं. अशा वेळी स्क्रूनं ओढून घेतलं की दात जातात. किक अगदी थोडी दाबून क्रँक किंचित फिरवा, कव्हर आपोआप आत सरकतं. गॅस्केट कागदाचं वापरा आणि त्याची भोकं तेलाच्या भोकांवर येतात का बघा. सिलिकॉन पिळून लावायची सवय इथे घातक आहे. आत सुटलेली त्याची दोरी तेलाची बारीक वाट बंद करते. स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, म्हणून काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून ज्याचा त्याला टोचून ठेवा.

८. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये.
इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. या स्थितीत टॅपेटच्या खिडकीतून पुशरॉड दोन बोटांत धरा. तो मोकळा फिरायला हवा, पण उचलून पाहिला तर खेळ जाणवता कामा नये. नव्या कॅमवर हे माप पहिल्या फेरफटक्यानंतर, गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा बघावं लागतं.

९. पहिली किक ठिणगीशिवाय मारा.
कॅमच्या टोकांना आणि टॅपेटच्या तळांना असेंब्लीचं ग्रीस चोळलेलं हवं, कारण तेल त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतं. फिल्टरची जागा तेलानं भरून मगच झाकण लावा. ती रिकामी राहिली तर ती भरेपर्यंत बिगएंड उपाशी राहतो. मग इग्निशन बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक मारत राहा. यानंतर गाडी सुरू करा आणि रॉकरच्या पाइपचा जोड किंचित ढिला करून बघा. तेल पाझरलं म्हणजे रिटर्न पंप उचलतोय. पण तेवढ्यावर थांबू नका. तळाशी आधीच साठलेलं तेलही तो वर चढवू शकतो. काही मिनिटं तेल न तुटता येत राहिलं, तरच फीड पंपही काम करतोय असं समजा. या वेळात गाडी अगदी मंद ठेवू नका, वेग थोडा वाढवून धरा.

१०. पहिलं तेल लवकर काढा आणि त्यात बघा.
या इंजिनाला २०डब्ल्यू-५० मिनरल तेल मानवतं. नव्या कॅमनंतरचं पहिलं तेल मी नेहमीच्या मुदतीची वाट न बघता काढतो, पसरट भांड्यात ओततो आणि त्यातून चुंबक फिरवतो. चुंबकावर बारीक राखाडी लेप येणं स्वाभाविक आहे. टोचणारे कण आले, तर कव्हर पुन्हा उघडायचं, गिऱ्हाइकाला कितीही घाई असो.

पोरं मला विचारतात, काम पुरं झालं असं कधी म्हणायचं? इंजिनाचा ठोका घुमला की ती खूश होतात आणि त्यांचा तो आनंद रास्तच आहे. पण इंजिन तेलाशिवायही काही वेळ छान ठोका देतं. म्हणून माझ्या गॅरेजमध्ये नियम एकच आहे: तेल टाकीतून निघून कॅमवरून परत टाकीत आलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडीची चावी मालकाच्या हातात द्यायची नाही.