दुभाष्याची नम्रता
(वाचावयाचा भाग : फिलिप्पै २:१–११)

विरारजवळील चंदनसारच्या मंडळीस वसईचा किल्ला परका नाहीं. सोळाव्या शतकांत वसई पोर्तुगीजांच्या हातीं असतां तेथें गोन्सालो गार्सिया याचा जन्म झाला. तरुणपणीं तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानांत गेला, तेथील भाषा शिकला व उपदेशकाचें काम करूं लागला. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. त्यानें कांहीं काळ व्यापार केला. पुढें मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु झाला.

इ. स. १५९३ मध्यें त्या संघाचे पेद्रो बाप्तिस्ता जपानांत गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याच्यापुढें बोलावयास दुभाष्या हवा होता. तें काम ह्या साध्या बंधूकडे आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २६ जणांस वधस्तंभावर ठार मारण्यांत आलें, त्यांत तोहि होता.

तो रोमन पंथाचा होता. तथापि बोध घेण्यास तें आड येऊं नये. दुभाष्या स्वतःचें कांहीं सांगत नाहीं. धन्याचा निरोप जसाच्या तसा पोंचवितो. उपदेशकाचेंहि काम हेंच होय. परदेशीं असो कीं शेजारच्या पाड्यावर, सांगणाऱ्यास आधीं तेथल्या लोकांपासून शिकावें लागतें. मंडळींत पद मिळालें नाहीं म्हणून आम्ही सेवा सोडतों काय? ह्या आठवड्यांत आपण प्रत्येकानें प्रार्थनापूर्वक ह्याचा विचार करावा.