लस नसलेले महिने

मूल हसते-खेळते आहे, अंगावर पिते आहे, त्याला ताप नाही की खोकला नाही, आणि तरीही ठरल्या मुदतीस त्याला डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, ही गोष्ट आमच्या बारामती-इंदापूरकडील घरांतून अद्याप पुरती रुजलेली नाही. लस टोचावयाची असली म्हणजे न्यावे, नाहीतर दुखणे आल्यावर न्यावे, एवढ्यावरच आपली समजूत थांबते. या समजुतीचा उपसर्ग माझ्या नातीस पोहोचला, म्हणून जे पाहिले ते इतरांच्या उपयोगी पडावे या हेतूने लिहीत आहे.

सूनबाईंचे पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, बारामतीस झाले. जन्मतः बाळाचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत नेमाने घरी येऊन पाहून गेल्या. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी वेळच्या वेळी झाल्या, आणि शेवटच्या खेपेस वजन ५ किलो ३०० ग्रॅम भरले. त्यानंतर बाळ-बाळंतीण इंदापूर तालुक्यातील आमच्या गावी आली, आणि येथेच खंड पडला. सरकारी वेळापत्रकात १४ आठवड्यांनंतरची लस एकदम ९ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची, येते. मधल्या काळात कोणतीच सुई नसल्यामुळे मूल कोठे न्यावयाचे कारणच उरत नाही. माहेरच्या नोंदवहीतून नाव उतरले, सासरच्या नोंदवहीत ते चढले नाही, आणि त्यामुळे ६व्या महिन्यातील आशाताईंची गृहभेट व अंगणवाडीतील दरमहाचे वजन, दोन्ही राहून गेली.

नववा महिना संपल्यावर लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांनी बाळाचे स्वेटर-टोपडे उतरवून तिला काट्याच्या झोळीत ठेवले, तेव्हा काटा ६ किलो २०० ग्रॅमवर स्थिरावला. त्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड उघडून वाढीच्या तक्त्यावर नवा ठिपका दिला आणि तो जुन्या ठिपक्यास जोडला, तेव्हा रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरलेली सर्वांनाच दिसली. मग खालची पापणी हलकेच ओढून आतला फिकटपणा त्यांनी सूनबाईंना दाखविला, लस दिली, आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास बजावले. तेथे रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले, या वयात ते निदान ११ असावे लागते.

कारण आमच्या स्वयंपाकघरातच होते. सहा महिन्यांनंतर केवळ आईचे दूध पुरत नाही, आणि जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला लोहाचा साठाही त्याच सुमारास सरत येतो. अशा वेळी बाळाला मिळत होते ते डाळीचे वरचे पाणी, पातळ पेज आणि चहात बुडविलेले बिस्किट. पोट भरत होते, पण अंगी काही लागत नव्हते, आणि चहामुळे तर अन्नातील लोहही अंगी लागण्यास अडथळा होतो. दात येत आहेत म्हणून उतरली असेल, नजर लागली असेल, असे घरात म्हणत आणि दृष्ट काढीत. तिची रेघ केव्हा आडवी पडली, हे मात्र वजनाच्या नोंदीवाचून कोणासही कळणे शक्य नव्हते. लोहाचे औषध सुरू झाले. चमच्यातून ओघळणार नाही अशी तूप घातलेली मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले उकडलेले अंडे असा आहार मिळू लागला, आणि पहिल्या वाढदिवसास वजन साडेसात किलो झाले.

यावरून जे सांगावयाचे ते असे. बाळ माहेराहून निघेल तेव्हा कार्ड त्याच्याबरोबर यावे, आणि सासरी पोहोचताच आशाताई व अंगणवाडीताई यांच्याकडे नाव नोंदवावे. ऊसतोडीच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या कारखान्यांवर येणाऱ्या कुटुंबांस तर हे अधिकच लागू आहे. लस असो वा नसो, ६व्या महिन्यात तपासणी चुकवू नये. प्रत्येक खेपेस वजन, लांबी आणि डोक्याचा घेर ही मोजून लिहिली गेली की नाही, हे पाहावे, आणि रकाना रिकामा असेल तर संकोच न करता विचारावे. जन्माचे वजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट व वर्षाच्या शेवटी तिप्पट होते, हा ठोकताळा ध्यानात असू द्यावा. चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरत नसेल, नवव्या महिन्यात आधारावाचून बसत नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये. आणि बाळ पिईनासे झाले, श्वास जोरजोराने चालू लागला किंवा झटका आला, तर त्याच घटकेस दवाखाना गाठावा.

यासाठी दूर जावे लागते असेही नाही. महाराष्ट्रातील पालघर येथून २०१३ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले विनामूल्य तपासतात. बारामतीस तर २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सोय आहे, ती वापरण्याची सवय मात्र आपल्यालाच लावून घेतली पाहिजे. ज्यांच्या घरी चार ते नऊ महिन्यांचे मूल आहे, त्यांनी आजच कार्ड काढून शेवटच्या वजनाची तारीख पाहावी, आणि तिला महिन्याहून अधिक काळ लोटला असेल, तर उद्याच बाळाला घेऊन अंगणवाडीची वाट धरावी.