राजीनाम्याची तारीख तू ठरव

केंदूर, ता. शिरूर, जि. पुणे

चि. बापूस,


परवा फोनवर तू म्हणालास, "नाना, उद्याच राजीनामा टाकतो." घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. आता सविस्तर लिहितो. पत्र सावकाश वाच आणि जपून ठेव.

आधी तुझ्या मनातली खंत काढून टाक. ही नोकरी सोडावीशी वाटते, यात तुझा काही कमीपणा नाही. कष्टाचं काम वेगळं आणि माणसाला आतून खाणारं काम वेगळं. रात्रपाळी, महिनाअखेरची घाई, चूक झाली तर बोलणी, हे कुठल्याही कारखान्यात असतं आणि ते सोसावंही लागतं. पण सुपरवायझरने सगळ्या लाइनसमोर आईवरून दिलेल्या शिव्या, ओव्हरटाइम करून घेऊन तो कागदावर न दाखवणं, सुट्टीच्या रात्री फोन, आणि "गेटबाहेर रांग आहे, उद्या दुसरा आणीन" ही रोजची धमकी, याला काम म्हणत नाहीत. तुला झोप लागत नाही, जेवण जात नाही, रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. शरीराने निकाल दिलेला आहे. तू ही नोकरी सोडावीस, हेच माझं मत.

२०२४ साली पुण्यात एका बड्या कंपनीत नुकतीच लागलेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी चार महिन्यांत गेली. कामाच्या बोज्याने लेक गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रातून कळवलं आणि देशभर त्यावर चर्चा झाली. म्हणून हे पहिलं ऐक. कोणी अंगावर हात टाकला, प्रेस मशीनचं गार्ड काढून काम करायला लावलं, छातीत दुखू लागलं किंवा जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात आला, तर खाली लिहिलेला सगळा हिशेब बाजूला ठेव आणि पाळी अर्धी टाकून केंदूरला ये. कोणी काही विचारणार नाही. रात्री-बेरात्री मन मोकळं करायला सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा तिचा नंबर. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

तशी वेळ आलेली नसेल, तर मात्र रागाच्या दिवशी राजीनामा देऊ नकोस. वाईट नोकरीतून रिकाम्या हाताने निघालेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या वाईट नोकरीतच जाऊन पडतो. त्याला थांबायला वेळ नसतो, म्हणून जे पहिलं मिळेल ते तो घेतो. तुझा तो सुपरवायझर एवढा माजलाय, कारण पुढच्या महिन्याचा पगार तुला चुकवता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या हातातली ही दोरी काढून घ्यायची आहे. ती साठवलेल्या पैशानेच निघते.

आपण वेळ नदीच्या काठची माणसं. थिटेवाडीच्या बंधाऱ्यात पाणी किती आहे, हे बघितल्याशिवाय कांद्याची लागण कोणी ठरवत नाही. तुलाही तसंच आधी मोजायला हवं.

तुझा हातात येणारा पगार ३२,०००. खोली, डबा, गाडीचा हप्ता, मोबाइल आणि घरी पाठवतोस ते धरून २४,००० जातात, ८,००० उरतात. सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, म्हणजे १,४४,०००. खात्यावर ४०,००० आहेत, राहिले १,०४,०००. महिना आठ हजारांनी त्याला तेरा महिने लागतील. एवढे दिवस तू तिथे काढणार नाहीस, हे मलाही कळतं.

आता खर्च २०,००० वर आण. खोलीत आणखी एक जोडीदार घे, मोबाइलचा नवा हप्ता घेऊ नकोस, हॉटेलचं जेवण कमी कर. घरी पाठवतोस त्यातले दोन हजार काही महिने थांबले तरी चालेल, तुझ्या वडलांशी, दादांशी मी बोलतो. मग सहा महिन्यांना १,२०,००० पुरतात, आणि महिन्याला १२,००० मागे पडतात. हातातले ४०,००० वजा केले, तर राहिलेले ८०,००० सात महिन्यांत जमतात. खर्चातले चार हजार कमी केले आणि वाट जवळजवळ निम्मी झाली. खर्च कमी केला की शिल्लक वाढते आणि लागणारी रक्कमही घटते. बँकेच्या काउंटरवर माझं आयुष्य गेलं, पण हे गणित मांडून बसणारी माणसं फार थोडी पाहिली.

या सात महिन्यांचा आणखी एक फायदा आहे. तुला तिथे चार वर्षं पाच महिने झाले. सात महिन्यांनी सलग पाच वर्षं भरतात आणि तू ग्रॅच्युइटीला पात्र होतोस. शेवटचं मूळ वेतन (महागाई भत्ता असेल तर तो धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं, असा तो हिशेब. तुझं मूळ वेतन १६,००० धरलं तर साधारण ४६,००० होतात. हा तुझ्या कष्टाचा पैसा आहे. थोडक्यासाठी तो कंपनीला सोडून येऊ नकोस. तुझ्या खोलीतला मित्र ठरावीक मुदतीच्या करारावर आहे ना, त्यालाही सांग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत अशा कामगाराला एका वर्षानंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

पीएफ मात्र सहा महिन्यांच्या शिलकीत धरू नकोस. नोकरी सुटली की पीएफ काढून गाडी घ्यायची, ही चाकण-रांजणगावच्या पोरांची सवय मी बघतो आणि मला वाईट वाटतं. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं, एवढं आपल्या मुदत ठेवीवर सहसा मिळत नाही. शिवाय पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. पेन्शनची रक्कमही काढली की ती वर्षं पुसली जातात, नव्या कंपनीत वर्ग केली की जोडली जातात. आत्ताच तुझं पीएफचं यूएएन खातं उघडून बघ. नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं नीट जुळतंय ना? वडलांच्या नावातल्या एका अक्षराच्या फरकाने लोक महिनोन् महिने हेलपाटे घालतात.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढ. अपघात सोडला तर नव्या पॉलिसीत आजाराला पहिले तीस दिवस पैसे मिळत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. वहिनींना, म्हणजे तुझ्या आईला, साखरेचं औषध चालू आहे हे तुला ठाऊक आहे, त्यांचंही नाव घाल आणि आजार लपवू नकोस.

साठवलेला पैसा बँकेतच ठेव. बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, मग ती कितीही ओळखीच्या माणसाची असो. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि २०२२ साली तिचा परवाना गेला. विम्याच्या मर्यादेत ज्यांच्या ठेवी होत्या, त्यांना निदान आधार होता. मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपला हात लावू नकोस आणि वहिनींचे दागिने गहाण टाकायचा विषय काढू नकोस. शेतीच्या भरवशावरही राहू नकोस. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत होती, त्यात आपल्या भागातली किती घरं हलली ते तू पाहिलं आहेस.

या महिन्यांत संध्याकाळी दुसरं काम शोध. जिथे बोलावतील तिथे आत काम करणाऱ्या दोघांना तरी गाठ आणि पगाराचं बोलण्याआधी विचार, "मागच्या वर्षी किती जण सोडून गेले?" वेल्डिंग, इलेक्ट्रिकल किंवा सोलरचं हातचं कौशल्य वाढवायचं असेल, तर पाबळचा विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला आणि हाताने काम करत शिकायचं, हीच तिथली रीत आहे. एकदा माझ्याबरोबर चल.

निघताना नियमाने निघ. राजीनामा ईमेलने दे, त्यात तक्रार लिहू नकोस, दोन ओळी पुरतात. नोटिसीचे दिवस पूर्ण भर. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणुकीचं पत्र, हजेरीच्या नोंदी आधीच घरी आणून ठेव. रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय गेट सोडू नकोस. राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं, असं नव्या वेतन संहितेत लिहिलं आहे. अडवलं तर पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज देता येतो. गप्प बसून हक्क सोडायचा नाही.

राहिला गावाचा प्रश्न. नोकरी सोडली तर सोयरीक कशी जमणार, असं दोन-चार जण म्हणतील. दादांनाही ती काळजी आहे, आणि ती खोटी नाही. पण सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला, नवं कर्ज न काढलेला, आपल्या मनाने नोकरी बदलणारा मुलगा समजूतदार घरात नापसंत होत नाही. दादांना हे कागदावर मांडून दाखव. आकडे पाहिले की त्यांचा जीव थाऱ्यावर येईल.

आज रात्री एक वही घे. पहिल्या पानावर तुझा महिन्याचा खर्च लिही, दुसऱ्यावर शिल्लक, आणि तिसऱ्यावर राजीनाम्याची तारीख. येत्या रविवारी वही घेऊन घरी ये, आपण तिघं बसून बेरीज तपासू. तोवर तब्येतीला जप, आणि वेळेवर जेव.

तुझा,
नाना