कुंचल्याची निगा

फायरिंगनंतर रायफलीची नळी पुल-थ्रू आणि चिंदीने साफ केल्याशिवाय आपण ती कोतमध्ये जमा करत नाही. चित्रकलेचा तास संपल्याची घंटा झाली, की मात्र तेच हात ब्रश पाण्याच्या डब्यात उभा सोडून मोकळे होतात. वर्गाचे ब्रश सामायिक असतात. आज एकाने टाकलेला ब्रश उद्या दुसऱ्याच्या हातात झिजलेल्या झाडूसारखा येतो, मग त्याने बारीक रेघ काढायची तरी कशी? वार्षिक प्रदर्शनाच्या आधी ही तक्रार हमखास ऐकू येते, म्हणून हा पाठ.

केस, लाकडी दांडा आणि या दोघांना धरून ठेवणारी धातूची नळी, म्हणजे फेरूल, असे ब्रशचे तीन भाग असतात. ब्रश बिघडतो तो बहुतेक वेळा या नळीच्या तोंडाशी. टोकाचा रंग दिसतो म्हणून धुतला जातो. नळीत शिरलेला दिसत नाही. तो तिथे वाळतो, केसांच्या मुळांत पाचर ठोकल्यासारखा बसतो आणि टोक फाकते. म्हणून रंग घेताना केस निम्म्यापेक्षा जास्त बुडवू नयेत. पाण्यात उभ्या ठेवलेल्या ब्रशचे टोक डब्याच्या बुडाला टेकून वाकते. शिवाय दांड्याचे लाकूड पाणी पिऊन फुगते, वाळल्यावर आक्रसते आणि नळी खुळखुळू लागते.

घाई किती करायची हे रंगावर ठरते. जलरंग डिंकात कालवलेले असतात. ते वाळले तरी पाण्यात पुन्हा विरघळतात. पोस्टर रंगांचेही बव्हंशी तसेच. ॲक्रिलिक मात्र क्षमा करत नाही. त्यातले पाणी उडून गेले की प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो, आणि तो पाण्याने सुटत नाही. ॲक्रिलिकचे काम करताना मधेच कुणी हाक मारली, तर आधी ब्रश खळबळून घ्यावा, मग ‘ओ’ द्यावी.

धुण्याची रीत सोपी आहे. आधी जुन्या वर्तमानपत्रावर किंवा फडक्यावर रंग निपटून काढा. निम्मे काम इथेच होते. मग साध्या थंड पाण्यात खळबळा. गरम पाण्याने नळीतला गोंद सैल पडून केस गळू शकतात. तळहातावर अंगाचा साबण चोळून त्यात ब्रश हलकेच गोल फिरवा आणि नळीजवळचा भाग बोटांनी दाबून पाहा. तिथून रंगीत फेस येत असेल तर ब्रश अजून स्वच्छ झालेला नाही. फेस पांढरा येईपर्यंत हेच करायचे. शेवटी बोटांनी टोक जुळवा.

बोटांनीच, ओठांनी नव्हे. काही रंगांत कॅडमियम, शिसे असे विषारी धातू असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी येथे तरुण मुली सैनिकांच्या घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग लावत. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायला त्यांना शिकवले गेले होते. पुढे त्यांतल्या अनेकींचे जबडे सडले, कित्येक दगावल्या.

तैलरंग पाण्याला दाद देत नाहीत. ब्रश पुसून थोड्या टर्पेंटाइनमध्ये खळबळावा, पुन्हा पुसावा, मग साबणाने धुवावा. खिडक्या उघड्या असाव्यात. वापरलेले टर्पेंटाइन झाकणाच्या बाटलीत राहू द्या. रंग तळाशी बसला की वरचे निवळलेले पुन्हा वापरता येते. बेसिनमध्ये ओतू नका. आणि जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि उष्णता बाहेर टाकते. चिंध्यांच्या ढिगात ती कोंडली तर काडी न लावताही आग लागते. त्या बाहेर सुट्या पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

धुतलेला ब्रश आडवा ठेवून वाळवावा. ओला असतानाच उभा केला तर पाणी नळीत उतरते. पूर्ण वाळल्यावर केस वर करून बरणीत ठेवायला हरकत नाही. ओला ब्रश बंद पेटीत गेला तर बुरशी येते. सुटीपूर्वी खऱ्या केसांच्या ब्रशांसोबत डांबराची गोळी ठेवावी, नाहीतर कसर लागते.

नवे ब्रश घेताना एक लक्षात असू द्या. मुंगुसाच्या केसांचे ब्रश चित्रकारांना फार आवडत, पण त्यांसाठी मुंगसे मारली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, त्यामुळे असे ब्रश बनवणे आणि विकणे गुन्हा आहे. नायलॉनचा ब्रश शाळेच्या कामाला पुरेसा आहे, आणि ॲक्रिलिकसाठी तर तोच टिकतो. त्याचे टोक वाकले असेल, तर फक्त केस क्षणभर गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करावेत. बहुधा वळण जाते.

ॲक्रिलिक वाळून कडक झालेला ब्रश स्पिरिटमध्ये भिजवून पाहावा. तरीही टोक जुळले नाही, तर त्याला वेगळ्या डब्यात ठेवा. झाडांची पालवी, वाळलेले गवत किंवा खडकाचा खरखरीतपणा काढायला असा फाकलेला ब्रश नव्यापेक्षा बरा पडतो.