सिझेरियन आणि उतरणारा रक्तदाब

उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून येऊन चलथाणचा साखर कारखाना, नाहीतर कडोदरा-पलसाण्याकडील कापडाचे कारखाने यांच्या आश्रयाने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत सिझेरियनचा प्रसंग आला, की शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यापूर्वी पाठीत द्यावयाच्या भुलेच्या इंजेक्शनाचीच धास्ती अधिक आढळते. हे भय अनाठायी असले, तरी त्या इंजेक्शनाचा एक परिणाम प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे.

1898 साली ऑगस्ट बिअर या जर्मन शल्यविशारदाने प्रथम योजिलेल्या या भुलेने रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंचे काम काही काळ तहकूब होते, कमरेखालच्या वाहिन्या सैलावून तेथे रक्त साचते, आणि त्यातच माता उताणी निजलेली असल्यास भरलेल्या गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. परिणामी, आधी तजवीज केली नाही तर निम्म्याहून अधिक मातांचा रक्तदाब उतरतो. मातेला मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि ही स्थिती लांबली तर वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायूही घटतो.

सुदैवाने हे संकट अकस्मात येणारे नाही, म्हणूनच ते टाळता येते. मातेच्या उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन तिला किंचित डावीकडे कलते ठेवणे, भूल देतानाच सलाईन वेगाने सोडणे, आणि रक्तदाब उतरण्याची वाट न पाहता फिनाइलएफ्रिनसारखे औषध सुरू करणे, हे त्यावरचे मुख्य उपाय होत. वरचा रक्तदाब मूळ आकड्याच्या 90 टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, असा 2018 सालच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीचा दंडक आहे. यासाठीच दंडावरचा पट्टा प्रारंभी दर मिनिटाला आवळतो, त्याने घाबरू नये.

कुटुंबाच्या वाट्याचे कामही थोडे नाही. रक्तदाबाची वा हृदयाची चालू औषधे, पूर्वीच्या भुलेचा अनुभव, पंडुरोग, अंगावर गेलेले रक्त यांची इत्तला भूलतज्ज्ञाला आधीच द्यावी. ऊसतोडीच्या हंगामात फडातून थेट आलेल्या गर्भवतीने दिवसभर पाणी घेतले नसेल, तर तेही सांगावे. शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असल्यास अन्न सहा तास बंद ठेवावे; परंतु साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याविना सुनेला रात्रभर तहानलेली ठेवू नये. रुग्णालयात नेताना तिला डाव्या कुशीवर निजवावे.

आणि भगिनींनो, टेबलावर जीव घाबरा झाला, मळमळले, तर संकोचाने गप्प राहू नका. मराठीत, अहिराणीत, जमेल त्या भाषेत उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाला तत्काळ सांगा.