लाईट जात होती तेच बरं होतं

गोव्यात आमच्या कारापूरला पावसात लाईट जाते, येते, पुन्हा जाते. आमच्या माळ्यावर तिघांच्या छोट्या कंपनीचं बिल्ड मशीन होतं. कोड आला की जेन्किन्स तो उचलायचं, डॉकरमध्ये बिल्ड करायचं, अ‍ॅपवर सही करून पुढे पाठवायचं. लाईट गेली की सगळं आडवं. म्हणून 2023 च्या एप्रिलात मोठा इन्व्हर्टर घेतला. त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. अपटाइमचा वाढता आकडा मी पेडण्याच्या भागीदाराला कौतुकाने पाठवत असे.

जून 2024 मध्ये आई म्हणाली, "तुझ्या त्या पेटीचा पंखा रात्रभर ओरडतो रे." रात्री तर आमचं एकही बिल्ड नसायचं. पाहिलं, तर आठही कोअर भरलेले आणि कर्नलच्या थ्रेडसारखं नाव घेतलेली एक प्रोसेस. ती मारली, तर मिनिटाभरात पुन्हा उभी. क्रॉनमध्ये तिची ओळ बसलेली होती. आमच्या विजेवर दुसराच कुणी क्रिप्टोचं खाणकाम करत होता. डिचोलीतल्या खाणी 2012 साली बंद पडल्या तेव्हा रस्त्याकडेला उभे राहिलेले ट्रक आम्ही पाहिलेत. घरातच खाण निघेल असं मात्र स्वप्नातही नव्हतं.

दोष कुणाला द्यायचा? उबुंटूचे सुरक्षा पॅच आपोआप बसत होते, ती सोय मीच चालू केली होती आणि त्यावर निर्धास्त होतो. पण ती सोय मुळात फक्त उबुंटूच्या स्वतःच्या भांडारापुरती असते. डॉकर आणि जेन्किन्स आम्ही त्यांच्या त्यांच्या भांडारातून घेतले होते, ते जिथल्या तिथे राहिले. जेन्किन्समधली फाइली बाहेरून वाचू देणारी चूक 24 जानेवारी 2024 ला दुरुस्त झाली होती. आमचं जेन्किन्स त्याआधीचं, आणि भागीदाराला घरून दिसावं म्हणून राउटरवर त्याचं पोर्ट जगाला उघडं.

कर्नलची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी. नवे कर्नल उतरत होते, डिस्कवर बसत होते, पण रिबूट झाल्याशिवाय ते लागू होत नाहीत, आणि ही सोय स्वतःहून रिबूट करत नाही. पूर्वी लाईट जायची तेव्हा ते काम फुकटात व्हायचं! अपटाइम होता 411 दिवस, म्हणजे चालू कर्नलही तेवढाच जुना. मार्च 2024 मध्ये एनएफ-टेबल्समधल्या चुकीवरून साध्या वापरकर्त्याला रूट होता येईल असा कोड जाहीर झाला होता. त्या चुकीचा पॅच आमच्या डिस्कवर पडून होता. चोर रूटपर्यंत पोचला की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून साफसफाईच्या फंदात न पडता डिस्क पुसली.

खरा खर्च पुढेच होता. बिल्ड मशीन म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या अडकवलेला खिळा. गिटचे टोकन, रजिस्ट्रीचे पासवर्ड, सर्व्हरच्या चाव्या, सगळं एकाच ठिकाणी. तीन दिवस फक्त चाव्या बदलण्यात गेले. अ‍ॅपसाठी प्ले अ‍ॅप सायनिंग घेतलेलं होतं, म्हणून अपलोडची चावी तरी बदलून मिळाली. ग्राहकांना फोन मीच केले. तो भाग आठवायला नको.

महिनाभराने, 31 जुलैला, बातमी आली. लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याने एनपीसीआयने तिला पेमेंट जाळ्यापासून तोडलं, आणि देशभरातल्या जवळजवळ 300 लहान बँकांचे व्यवहार अडकले. सुरक्षा संशोधकांनी माग काढला तेव्हा सुरुवात एका जेन्किन्स सर्व्हरपाशी निघाली. चूक तीच, जानेवारीतली.

आता आमच्याकडे बिल्ड चालवणारी दोन मशीन, म्हणजे एजंट, आहेत. दर शनिवारी एकाला ऑफलाइन करायचं, चालू बिल्ड संपू द्यायचं, बाहेरच्या भांडारांसकट सगळं अद्ययावत करायचं, व्हार-रनमध्ये रिबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल असेल तर रिबूट, मग एक नमुना बिल्ड. ते हिरवं झालं की दुसऱ्याची पाळी. बिल्डसाठी वापरतो त्या डॉकर इमेजही त्याच दिवशी नव्याने बांधतो. मशीन पॅच करून दोन वर्षांपूर्वीच्या इमेजमध्ये बिल्ड चालवणं म्हणजे नवं दार लावून मागची खिडकी सताड ठेवणं. जेन्किन्सच्या मुख्य सर्व्हरवर बिल्ड चालवत नाही, आणि त्याचं पोर्ट व्हीपीएनच्या आत आहे. तातडीचा पॅच शनिवारची वाट पाहत नाही.

गिटहबचा रनर स्वतःच्या मशीनवर चालवणाऱ्यांना एक सांगतो: तो रनर स्वतःला अद्ययावत करतो, पण खालची ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यावरची हत्यारं तुमच्याच गळ्यात असतात. आणि सेंटओएस 7 वर अजून एजंट चालवत असाल, तर त्याचे पॅच 30 जून 2024 लाच थांबलेत. तिथे शनिवार पाळूनही उपयोग नाही, मशीनच बदला.

इन्व्हर्टर अजून आहे. आज बुधवार, आणि दोन्ही मशीनचा अपटाइम 4 दिवस आहे.