इंजिनघरात सांडलेले तेल व शोषक द्रव्याची निवड

आपल्या शेतीत यंत्रांचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. पुण्यात 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या कारखान्यांची इंजिने विहिरींवर बसली. पुढे ट्रॅक्टर आले, मळणीयंत्रे आली, पॉवर टिलर आले. यंत्राबरोबर डिझेल, पेट्रोल, वंगणाचे ऑइल व ग्रीस या वस्तूही शेतकऱ्याच्या घरी आल्या. त्यांचा साठा कसा करावा याची माहिती बहुतेकांना असते. परंतु त्या जमिनीवर सांडल्यास काय करावे, याचा विचार सहसा सांडल्यानंतरच केला जातो. मग हाताला लागेल ती माती, चिंधी किंवा पाण्याची बादली घेऊन काम उरकले जाते. हे कोणत्या वस्तूने, कसे व का करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाण्याने धुणे अयोग्य का

एक लिटर ऑइल सपाट फरशीवर एक मिलिमीटर जाडीचे पसरले तर ते एक चौरस मीटर जागा व्यापते. पातळ डिझेल याहूनही दूर जाते. त्यावर पाणी ओतल्यास तेल नाहीसे होत नाही, ते केवळ दुसरीकडे जाते. साबणाचे पाणी वापरल्यास तेलाचे बारीक कण होऊन ते पाण्यात मिसळतात व गटारातून अधिक सहज वाहून जातात.

आपली इंजिनघरे बहुधा विहिरीच्या काठावर असतात, म्हणून हा प्रश्न अधिक गंभीर आहे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी भेगांतून व मुरमाच्या थरातून वाहते. भेगेत शिरलेले तेल मातीने गाळले जाण्याची वाट पाहत नाही. ते थेट विहिरीत पोहोचू शकते. एकदा बदललेल्या इंजिन ऑइलमुळे त्याच्या सुमारे दहा लाख पट पाणी दूषित होऊ शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे इंजिनघरातील एका लिटरचा प्रश्न सबंध विहिरीचा प्रश्न होऊ शकतो. यास्तव पहिला नियम असा की, सांडलेले तेल आधी शोषून उचलावे. धुण्याचा विचार त्यानंतर करावा.

निवडीपूर्वी तीन प्रश्न

शोषक द्रव्य निवडताना पुढील तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी निश्चित करावी.

पहिला प्रश्न, काय सांडले आहे? इंजिन ऑइल घट्ट असते व सहजासहजी पेट घेत नाही. डिझेल त्याहून पातळ असते. पेट्रोलची वाफ तर नेहमीच्या हवामानातही ठिणगीसरशी पेटते.

दुसरा प्रश्न, कोठे सांडले आहे? कोरड्या फरशीवर, ओल्या जमिनीवर, उघड्या मातीवर की विहिरीच्या पाण्यावर?

तिसरा प्रश्न, तेल प्यालेली वस्तू पुढे कोठे जाणार? जेवढी शोषक वस्तू अधिक वापरावी, तेवढा घातक कचराही अधिक तयार होतो. म्हणून थोड्या वजनात पुष्कळ तेल पिणारी वस्तू नेहमी श्रेयस्कर.

आपल्याकडे मिळणारी द्रव्ये

लाकडाचा भुसा. सॉ मिलमध्ये सहज मिळणारा हा भुसा हलका असून ऑइल व डिझेल चांगले शोषतो. मात्र तो पूर्ण कोरडा असला पाहिजे. दमट भुशाची छिद्रे पाण्याने आधीच भरलेली असतात, त्यामुळे तेलाला जागा उरत नाही. पावसाळ्यात उघड्या पोत्यात ठेवलेला भुसा या कारणाने निरुपयोगी ठरतो. भुसा स्वतः ज्वालाग्राही आहे, आणि तेल प्यालेला भुसा वातीसारखा जळतो. म्हणून पेट्रोलवर तो टाकू नये, व तेल शोषलेला भुसा इंजिनाच्या धुराड्याजवळ ठेवू नये.

कोरडी माती व मुलतानी माती. बारीक, कोरडी चिकणमाती तेल धरून ठेवते. मुलतानी मातीचा हा गुण लोकरीच्या कापडातील तेलकटपणा काढण्यासाठी फार पूर्वीपासून वापरला गेला आहे. माती स्वतः जळत नाही, हा तिचा मोठा गुण होय. दोष असा की, ती साधारणतः आपल्या वजनाइतके किंवा त्याहूनही कमी तेल घेते; त्यामुळे कचरा जड व पुष्कळ होतो. काळी माती वापरावयाची झाल्यास ती उन्हात वाळवून, ढेकळे फोडून, चाळून घ्यावी. ओली काळी माती फुगते व चिकट होते, आणि फरशी अधिकच निसरडी बनते.

वाळू. वाळूचा कण तेल पीत नाही. तेल केवळ कणांमधील पोकळीत साठते. म्हणून शोषक या नात्याने वाळू दुय्यम आहे. परंतु वाहते तेल अडविण्यासाठी बांध घालणे, निसरड्या जागी पायाला पकड मिळवून देणे आणि सांडलेले पेट्रोल झाकणे, या तीन कामांसाठी कोरड्या वाळूसारखी सोयीची वस्तू नाही.

राख. चुलीची राख बारीक असल्याने फरशीवर राहिलेला शेवटचा ओशटपणा टिपण्यास उपयोगी पडते. मात्र ती पूर्ण थंड असल्याची खात्री करून घ्यावी. वरून गार दिसणाऱ्या राखेत आत निखारा असू शकतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे.

भाताचे तूस. कोकणात व भंडारा, गोंदिया भागांत तूस विपुल मिळते. परंतु त्याचे बाहेरचे आवरण गुळगुळीत असून त्यात सिलिका पुष्कळ असते. त्यामुळे अखंड तूस तेल कमी पिते. दुसरे काही नसल्यासच ते वापरावे.

कच्चा कापूस. विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथील शेतकऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. न धुतलेल्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. तो पाण्याला दूर ठेवतो व तेलाला जवळ करतो. सैल पिंजलेल्या कच्च्या कापसाने आपल्या वजनाच्या वीस पटींहून अधिक तेल शोषल्याचे प्रयोगांत आढळले आहे. जिनिंगमधील हलक्या प्रतीची रुई या कामाला पुरेशी आहे. औषधाच्या दुकानातील कापसाचे मेण काढून टाकलेले असते. तो पाणी पितो व बुडतो. म्हणून ओल्या जागी तो चालत नाही. सावरीचा कापूसही मेणचट व आतून पोकळ तंतूंचा असल्याने पाण्यावरील तेल टिपण्यास उत्तम आहे.

सारांश, कोरड्या फरशीवरील ऑइल व डिझेलसाठी भुसा किंवा कोरडी माती, पेट्रोलसाठी वाळू वा माती, आणि ओल्या जागी व पाण्यावर कच्चा किंवा सावरीचा कापूस, अशी निवड करावी.

करावयाची कृती

प्रथम गळती बंद करावी. डबा कलंडला असल्यास सरळ करावा. इंजिन चालू असल्यास थांबवावे. पेट्रोल सांडले असल्यास विडी, चूल, विजेचे बटण यांपैकी कशालाही हात लावू नये. दारे उघडावी व वाफ जाऊ द्यावी.

नंतर वाळूचा किंवा मातीचा बांध घालून तेल विहिरीकडे व गटाराकडे जाण्यापासून रोखावे. शोषक द्रव्य कडेकडून मध्याकडे टाकत यावे. मध्यभागी एकदम टाकल्यास तेल बाहेर ढकलले जाते. काही वेळ थांबून खराट्याने किंवा विटेच्या तुकड्याने ते फरशीवर घासावे, म्हणजे फरशीच्या छिद्रांतील तेलही वर येते. मग फावड्याने घमेल्यात भरून घ्यावे. राहिलेल्या ओशट डागावर बारीक माती किंवा थंड राख टाकून पुन्हा तसेच करावे. यानंतर आवश्यक वाटल्यास थोड्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने जागा पुसावी, आणि ते पाणीही भुशाने टिपून घ्यावे.

तेल उघड्या मातीवर सांडले असल्यास वरचा भिजलेला थर त्वरित खरवडून काढावा. रात्रभर थांबल्यास तोच थर दुप्पट खोल होण्याचा संभव असतो. विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसल्यास पंप बंद ठेवावा, कच्चा कापूस सैल विणीच्या जाळीच्या पिशवीत भरून दोरीने पाण्यावर फिरवावा, व तवंग जाईपर्यंत पिशव्या बदलाव्या. तवंग गेला तरी पाण्याची तपासणी होईपर्यंत ते पिण्यास वापरू नये.

उचललेल्या कचऱ्याचे काय करावे

बहुतेक ठिकाणी काम चुकते ते या टप्प्यावर. तेल शोषलेला भुसा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. तेलाने माखलेल्या मातीत पाणी नीट मुरत नाही, आणि तेल कुजविणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र स्वतःच वापरतात. असा भुसा गुरांच्या बैठकीखाली पसरू नये. गुरे तेलकट वस्तू चाटतात. चुलीत जाळू नये. त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. जळके ऑइल जनावरांच्या जखमेला लावण्याची प्रथाही सोडून द्यावी. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे कण व इतर हानिकारक पदार्थ असतात.

भारतात 2016 च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. म्हणून जळके ऑइल झाकणाच्या डब्यात वेगळे साठवावे, त्यात पाणी, रॉकेल किंवा कीटकनाशक मिसळू नये, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकापर्यंत किंवा त्याला तेल देणाऱ्या वर्कशॉपपर्यंत ते पोहोचवावे. तेल प्यालेला भुसा व कापूस झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, त्याच मार्गाने द्यावा. हा डबा पोटॅशियम नायट्रेटसारख्या नायट्रेटयुक्त खतांजवळ कदापि ठेवू नये. अशी खते आगीला प्राणवायू पुरवितात.

जवसाच्या तेलाबाबत एक विशेष सूचना आहे. दारे, खिडक्या व गाड्या रंगविताना हे तेल वापरले जाते. ते वाळताना हवेतील प्राणवायू घेते व उष्णता सोडते. चिंध्यांच्या किंवा भुशाच्या ढिगात ही उष्णता कोंडून राहते, आणि कोणी काडी न लावताही ढीग आपोआप पेटू शकतो. अशा चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर समजतो. सारख्या आकाराच्या चार वाट्या घेऊन त्यांत भुसा, चाळलेली माती, वाळू व कच्चा कापूस यांचे प्रत्येकी 20 ग्रॅम घ्यावे. प्रत्येकीत 100 मिलिलिटर ऑइल ओतून दहा मिनिटांनी ते चाळणीतून दुसऱ्या भांड्यात निथळू द्यावे. ज्या भांड्यात सर्वांत कमी ऑइल उतरले, त्यातील द्रव्य सर्वांत अधिक प्यालेले. नंतर परातीत पाणी घेऊन त्यावर थोडे ऑइल टाकावे. एका बाजूने कच्चा व दुसऱ्या बाजूने औषधी कापूस सोडावा. दोहोंतील फरक सभेतील प्रत्येकास डोळ्यांनी दिसेल. प्रात्यक्षिकातील ऑइलही डब्यात परत भरावे, हे सांगणे नलगे.

प्रत्येक इंजिनघरात व ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पुढील वस्तू कायम असाव्या: झाकणाच्या डब्यात कोरडा भुसा, एक बादली कोरडी वाळू, पिशवीभर कच्चा कापूस, खराटा, फावडे, आणि कचऱ्यासाठी झाकणाचा रिकामा पत्र्याचा डबा. यांपैकी बहुतेक वस्तू घरच्याच आहेत व खर्च नाममात्र आहे. इंजिनाखाली एक उथळ पत्र्याचे तबक ठेवल्यास यांतील पुष्कळसे काम करावेच लागणार नाही. विहिरीचे पाणी एकदा बिघडले तर ते सुधारण्याचा खर्च कोणा एका शेतकऱ्याच्या आवाक्यातील नसतो. डबाभर कोरडा भुसा मात्र प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. तो येत्या पावसाळ्यापूर्वी भरून ठेवावा.